बुधवारची तारीख

धम्मपालला कुणालाच नाही म्हणता येत नाही. त्याच्यात दुसरा दोष मी तरी पाहिलेला नाही, आणि चौदा वर्षं मी त्याच्या शेजारच्या टेबलाला काम केलंय. आता जो तो त्याच्या नावानं बोटं मोडतोय म्हणून मी सांगायला बसलेय. ज्याला ऐकवत नसेल त्यानं खुशाल उठून जावं.

मी रंभा. मूळची लातूरकडची, राहायला दिघीत, कामाला चाकणला एका लहानशा कारखान्यात. स्कूटरच्या ब्रेकचा लिव्हर ज्या पिनेवर फिरतो ती पीन आम्ही बनवतो. करंगळीहून बारीक असते, पण ती मोडली तर माणूस ब्रेक दाबत राहतो आणि गाडी काही थांबत नाही. म्हणून ती तापवून कडक करतात. मग शंभर पिनांचा एक क्रेट भरायचा, धम्मपालनं कॉम्प्युटरवरून तारखेचं स्टिकर काढून द्यायचं आणि मी ते क्रेटला चिकटवायचं. पुढं कधी खोट निघाली तर त्या तारखेचा माल शोधता यावा, एवढ्यासाठी ते स्टिकर असतं.

धम्मपाल काळेवाडीचा. त्याचे वडील, भिवाकाका, पिंपरीत एका मोठ्या कारखान्यात होते. तिथं टाळं लागलं तेव्हा हा नववीत. आईनं, कस्तुराकाकूंनी, मेसच्या पोळ्या लाटून घर चालवलं आणि हा शाळा सुटली की कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात झाडू मारायला जायचा. झाडू मारता मारता शिकला. तेव्हापासून कुणी फेकून दिलेला कॉम्प्युटर दिसला की याचा जीव कळवळतो. भोसरीच्या भंगारवाल्याकडून उचलून आणायचा, दोन बंद पडलेल्यांतून एक चालता करायचा आणि गल्लीतल्या कुणाच्या तरी मुलीला अभ्यासाला देऊन टाकायचा. विहारातल्या वाचनालयातही त्यानंच एक बसवलाय. त्याची बायको भाग्यश्री म्हणायची, घरात पाय ठेवायला जागा नाही आणि आमचे हे निघाले दानशूर. म्हणायची मात्र हसूनच.

आमच्या पॅकिंगचा कॉम्प्युटर म्हणजे रोजचं दुखणं होतं. सकाळी बटण दाबायचं आणि चहा पिऊन यायचं, तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चालूच. ट्रॉल्यांची रांग लागायची, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसायचा आणि आमचे मॅनेजर रविराज सर येऊन धम्मपालवर डाफरायचे. नवा मागितला की म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. शेवटी दिवाळीनंतर एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत धम्मपालनं खिशातून पेनड्राइव्ह काढला आणि त्यात लाइट विंडोज टाकली. विकत मिळते ती मूळची नव्हे. तिच्यातलं नको ते काढून कुणीतरी हलकी केलेली.

कोणी केली, म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला, इंटरनेटवर एक जण करतो, खरं नाव काय ते माहीत नाही, पण चांगली करतो. नको ते म्हणजे काय काय, आणि ते नको हे कुणी ठरवलं, असं मी विचारलं तेव्हा तो हसला. फुकटच्या मालाची यादी मागू नये, ताई, म्हणाला. मी पण हसले. मला काय डोंबल कळत होतं त्यातलं.

पण खरं ते सांगते, कॉम्प्युटर सुटला. बटण दाबलं की मिनिटाभरात चालू. स्टिकरं भराभर निघायला लागली, ट्रक वेळेवर जायला लागला. क्रेटचे आकडे मी एका वहीत लिहायचे, तर सर म्हणाले, आता कॉम्प्युटर पळतोय ना, मग वही कशाला? वही बंद झाली. मला बरंच वाटलं, मान मोडून यायची त्या वहीनं. रविराज सरांनी सगळ्यांसमोर धम्मपालच्या पाठीवर थाप मारली आणि त्या वर्षी परमनंट करायच्या नावांत त्याचं नाव घातलं. चौदा वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढल्यावर. त्या दिवशी त्यानं सगळ्या पॅकिंगला जिलबी खाऊ घातली.

एकच कुरबुर होती. आम्हाला गुरुवारची सुट्टी. बुधवारी शेवटची पाळी सुटली की मेन स्विच खाली. शुक्रवारी सकाळी कॉम्प्युटर उघडला की त्याला आजची तारीख आठवायची नाही, कुठली तरी पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची दाखवायचा. आतला सेल जिथं बसतो ती खोबणीच तुटलेली, त्यामुळे नवा सेल घालूनही उपयोग नव्हता. पूर्वीही हे व्हायचंच, पण तेव्हा तो इंटरनेटवरून आपली आपण तारीख लावून घ्यायचा. या हलक्या विंडोजमधून नेमकं तेच काढून टाकलेलं. धम्मपालनं हे सरांना सांगितलं नाही. एवढं कौतुक झाल्यावर तोंड उघडणार कसं? दर शुक्रवारी गुपचूप भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून हातानं तारीख लावायचा. मोबाइल तर आमचे गेटवरच जमा होतात.

ते कॅलेंडर रोज एक पान फाडायचं आणि फाडायचं काम माझं. शुक्रवारी दोन फाडायची, बुधवारचं आणि गुरुवारचं.

त्या शुक्रवारी मी फाडली नाहीत. सात वाजता आत आले तर ट्रॉल्या तुंबलेल्या, ट्रक दारात लागलेला. मी थेट कामाला भिडले. साडेनऊला चहाची सुट्टी झाली तेव्हा लक्षात आलं, उठले आणि दोन पानं एकदम टरकावली. मागं धम्मपाल चहाचा कप धरून उभा होता. धावत कॉम्प्युटरकडे गेला, तारीख नीट केली, आणि परत येऊन हळूच मला म्हणाला की सकाळपासूनच्या सगळ्या क्रेटवर बुधवारची तारीख गेलीय. ट्रक तर पंधरा मिनिटांपूर्वीच गेटबाहेर पडला होता.

मी काय म्हणाले सांगू? लपवून काय करू आता. म्हणाले, "गप बस. दोन दिवसांनी काय फरक पडतो? पिना त्याच, आपण तेच." आणि तो गप बसला. त्याला नाही म्हणता येत नाही हे मला माहीत होतं.

शनिवारी सकाळी रविराज सरांनी सगळ्यांना गोळा केलं. सुट्टीनंतर पहाटे चालू केलेलं पिना तापवायचं मशीन शुक्रवारी सकाळी नीट तापलंच नव्हतं. दहापर्यंतचा सगळा माल कच्चा गेला होता. आमच्यात कच्चा म्हणजे मऊ, वापरला की झिजणारा आणि एक दिवस मोडणारा. शुक्रवारची तारीख असलेला एकूण एक क्रेट, स्कूटरी बनवणाऱ्या ज्या मोठ्या कंपनीला आम्ही पिना देतो तिच्या स्टोअरमधून मागवून घेतला. अकरा वाजता सर कपाळ पुसत आले आणि म्हणाले, वाचलो बाबांनो, सगळा माल हाती आला.

सकाळचा माल शुक्रवारच्या तारखेत नव्हताच. तो बुधवारचं नाव लावून तिकडं गेला होता आणि बुधवारचा माल चांगला म्हणून तिकडं गाड्यांना बसत होता. पूर्ण कारखान्यात हे दोघांनाच माहीत होतं. मी धम्मपालकडे बघितलं. तो टेबलाची कड धरून उभा होता.

पाण्याच्या टाकीपाशी त्याला गाठलं. आजवर मी त्याला कधी घाबरलेलं पाहिलं नव्हतं. पेला भरून घेतला आणि तसाच ओतून टाकला. परमनंटची यादी सोमवारी लागणार होती आणि मी त्याला त्याचीच आठवण करून दिली. चांगली खडसावलीच म्हणा ना. चौदा वर्षं घालवलीस, दोन दिवस कळ काढवत नाही का, असेल एखादी पीन, मोडेल तेव्हा मोडेल, सगळ्याच काही मोडत नाहीत.

तो म्हणाला, "ताई, ती पीन ज्याच्या गाडीत बसेल त्याला मी ओळखत पण नाही. ओळखत असतो तर त्याच्या घरी जाऊन सांगून तरी येता आलं असतं."

आणि गेला सरांच्या केबिनमध्ये. मी काचेतून बघत होते. सर आधी बसलेले होते, मग उभे राहिले, मग पुन्हा बसले. त्यांचा आवाज बाहेर येत नव्हता, त्यानं मला जास्तच भीती वाटली.

सरांनी लगोलग कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. हलक्या विंडोजची गोष्ट धम्मपालनं सांगितलीच होती. आता प्रश्न एवढाच होता की शुक्रवारी तारीख बदलायच्या आधी किती स्टिकरं निघाली. तारीख कधी बदलली, काय कधी चालवलं, याची नोंद कॉम्प्युटर स्वतःच ठेवतो म्हणे. त्या माणसानं अर्धा तास शोधलं आणि मान हलवली. नोंद ठेवायचंच काढून टाकलंय म्हणाला. व्हायरस अडवणारं काढलंय. दुरुस्त्या उतरवून घेणारं काढलंय. हे बनवणाऱ्यानं दारंखिडक्या, कड्याकुलुपं, सगळं उचकटून घर हलकं केलंय, आणि आत स्वतःचं काय ठेवून गेलाय ते मला पण सांगता येणार नाही. स्टिकरच्या प्रोग्रॅममध्ये बुधवारची आणि शुक्रवारची स्टिकरं एकाच तारखेखाली गोळा झालेली. ट्रकच्या पावतीवर बुधवारचे उरलेले आणि सकाळचे क्रेट एकत्रच मोजलेले, आणि वही तर बंदच.

धम्मपाल ऐकत होता. हाच पेनड्राइव्ह त्यानं काळेवाडीत तीसेक घरांत लावला होता, विहारात लावला होता. तो त्या माणसाच्या तोंडाकडे बघत राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

संध्याकाळपर्यंत मोठ्या कंपनीच्या स्टोअरमध्ये जेवढे बुधवारच्या तारखेचे क्रेट उरले होते, त्यांतली एकेक पीन काढून तपासली. अकरा क्रेट कच्चे निघाले. पण त्या तारखेचे बरेच क्रेट आधीच गाड्या जुळवायच्या लाइनवर रिकामे झाले होते, त्यांत कोणता होता हे कोण सांगणार? सरांनी आम्हा दोघांना समोर उभं केलं. म्हणाले, नीट आठवा. त्या सकाळी तुम्ही क्रेट किती केले? अकरा केले असतील तर विषय इथंच संपला. बारा केले असतील तर शंभर गाड्यांत आपली कच्ची पीन आहे, आणि तयार गाड्या उभ्या असतात ते त्यांचं यार्ड मला थांबवायला सांगावं लागेल.

मला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. अकरा म्हटलं की सगळे घरी जाणार, हे मात्र लख्ख कळत होतं. सरांचाही चेहरा अकराच मागत होता.

"बारा," धम्मपाल म्हणाला.

सर माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "व्हय, बाराच." घाबरले की माझी गावाकडची बोली बाहेर येते.

रविवारी आम्हा आठ जणांना मोठ्या कंपनीच्या यार्डात नेलं. उन्हात सहाशेच्या वर स्कूटरी ओळीनं उभ्या, सगळ्या कोऱ्या, सीटवरचा प्लॅस्टिकचा कागदही निघाला नव्हता. नशीब म्हणायचं, शुक्रवारपासूनच्या गाड्या शनिवारी रात्री निघायच्या होत्या आणि सरांच्या फोनमुळे त्यांतली एकही बाहेर गेली नव्हती. लिव्हर सोडवायचा, पीन काढायची, तिच्यावर कानस फिरवायची. कडक पिनेवरून कानस सटकते. कच्चीवर ती चावते आणि लोखंडाचा कीस बोटाला लागतो. कच्ची निघाली की लाल डब्यात टाकायची, चांगली नवी पीन बसवायची, पुढची गाडी घ्यायची. दोन लाइनींच्या गाड्या एकत्र उभ्या केलेल्या, त्यामुळे कच्ची कुठं निघेल याचा नेम नव्हता.

पहिल्या चाळीस गाड्यांत काहीच सापडलं नाही. सर घड्याळ बघायला लागले आणि माझ्या मनात आलं की मी खोटं बोलले, उद्या दोघांनाही हाकलतात. मग एका निळ्या गाडीच्या पिनेवर माझी कानस चावली. मी पुन्हा फिरवली. पुन्हा चावली. बोटावरचा कीस बघून मला तिथंच खाली बसावं लागलं, कारण मी शुक्रवारी गप बस म्हणाले होते आणि ही निळी गाडी आणखी चार दिवसांनी कुणीतरी हार घालून घरी नेली असती.

त्यानंतर त्या निघतच राहिल्या. धम्मपाल कानस खाली ठेवायला तयार नव्हता. जेवला नाही. त्याची बोटं सोलवटली होती, तरी दुसऱ्याच्या हातातली कानस घेऊन स्वतः पुन्हा तपासायचा. कडक निघाली तरी त्याचा विश्वास बसत नव्हता. पाचच्या सुमाराला लाल डब्यातल्या पिना मोजल्या तर बरोबर शंभर भरल्या. एक क्रेट. पुढच्या तीस-चाळीस गाड्यांत एकही कच्ची निघाली नाही. सरांनी हात वर करून काम थांबवलं. उरलेल्या दोनशेच्या आसपास गाड्या उघडायची आता गरज नाही, बारावा क्रेट मिळाला, देवाची कृपा, असं म्हणून त्यांनी कंपनीच्या लोकांना गाड्या ट्रेलरमध्ये भरायला परवानगी दिली.

मग धम्मपालला बाजूला घेऊन त्याचं गेटवर दाखवायचं कार्ड मागून घेतलं. आवाज चढवला नाही. वरून आदेश आहे, माझ्या हातात काही नाही, म्हणाले. त्यानं गळ्यातून कार्ड काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि दिलं. यार्डाच्या गेटपर्यंत मी त्याच्याबरोबर चालत गेले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. कुणाचा राग ते विचारू नका.

गेटबाहेर रिक्षाची वाट बघताना मी त्याला म्हटलं, बाबा, तुझी आठवण मात्र पक्की. मला तर तोंडातून शब्द फुटत नव्हता, तुला बारा कसे लक्षात राहिले?

"लक्षात नव्हते, ताई," तो म्हणाला. "अकरा म्हणायची भीती वाटली. तुम्ही पण बाराच म्हणालात, तेव्हा कुठं माझ्या जिवात जीव आला."

"मला कुठं आठवत होतं," मी म्हणाले. "तू म्हणालास म्हणून मी म्हणाले."

बारा हा आकडा आम्ही दोघांनी भीतीनं काढलेला. मोजलेला कुणीच नव्हता. मग तेरा नव्हते कशावरून? आत दोनशे गाड्या न उघडलेल्या उभ्या होत्या आणि पहिला ट्रेलर मागं घेताना वाजणारी शिट्टी इथपर्यंत ऐकू येत होती.

धम्मपाल वळला आणि गेटकडे धावला. वॉचमननं आडवा हात घातला, कार्ड विचारलं. त्यानं सवयीनं छातीवर हात नेला. तिथं काही नव्हतं. तो वॉचमनला समजावायला लागला, पण त्याला नीट बोलता येईना, आणि वॉचमन त्याला ढकलतच होता. मग त्यानं मागं वळून माझ्याकडे बघितलं. माझं कार्ड माझ्या गळ्यात होतं.

एक गोष्ट मी तुम्हाला आत्तापर्यंत सांगितली नाही, कारण सांगायची लाज वाटत होती. सोमवारच्या त्या यादीत माझंही नाव होतं. शुक्रवारी गप बस म्हणाले ते त्यामुळे, आणि टाकीपाशी त्याला खडसावलं तेही त्यामुळेच. आता आत जाऊन खोटं बोललो म्हणून सांगायचं म्हणजे काय होणार, हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

मी वॉचमनला कार्ड दाखवलं, आत गेले, आणि ट्रेलरच्या फळीपुढं उभी राहून सरांना म्हणाले, "उरलेल्या पण उघडा."